चौथा रकाना

“मग गोजरबाई काय बसच्या टपावर बसून येते?” भानुमतीबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“येत नाही असं मी कुठं म्हटलं? येते. पण ती नोकरदार नाही,” दत्तोपंत म्हणाले.

“नऊ वर्षं आपल्याकडं भांडी घासते.”

“घासते ना. नेमणूकपत्र आहे का तिच्याकडं?”

भानुमतीबाईंनी लाटलेली पोळी तव्यावर टाकायची ती परत पोळपाटावर ठेवली आणि गॅस बंद केला. डब्यासाठी दारात खोळंबलेली त्यांची सून नीरजा बँकेत उशीर होतोय असं सांगणार होती. सासूबाईंचा चेहरा पाहून तिनं चपला घातल्या आणि आज कँटीनमध्ये जेवेन म्हणाली. मुलगा हिमांशू सकाळीच वाळूजच्या कंपनीत गेलेला होता. भांडणाच्या वेळी तो नेहमीच गेलेला असतो.

भांडण फाटकासमोरच्या बसथांब्याचं होतं. त्या दिवशी सकाळी थांब्याच्या खांबावर कागद चिकटवलेला दिसला : एक मार्चपासून हा थांबा रद्द. जिच्या आधारावर तो रद्द झाला ती मोजणी दत्तोपंतांनी केली होती. स्वतःच्या बाल्कनीत, वेताच्या खुर्चीत बसून, पायाशी चहाचा थर्मास ठेवून, चौदा दिवस.

दत्तोपंत जिंतूरकर एका सरकारी कचेरीच्या आवक शाखेत चौतीस वर्षं होते. त्यांचे आजोबा पैठणला भिक्षुकी करत, वडील निजामाच्या काळापासून कारकून, आणि दत्तोपंतही कारकून. आजोबांनी निदान चार सूक्तं पाठ केली होती. दत्तोपंतांचं सगळं पाठांतर एका शब्दाचं होतं, तो शब्द म्हणजे ‘त्रुटी’. खिडकीवर अर्ज आला की ते चष्मा कपाळावरून खाली ओढायचे, ओळींखालून बोट फिरवायचे, आणि माणूस कन्नडहून दोन गाड्या बदलून आलेला असो की शेजारच्या गल्लीतून, त्याला सांगायचे, त्रुटी आहे. काय त्रुटी आहे ते माणसानं शोधायचं. लोक त्यांना पाठीमागं त्रुटीपंत म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं. आपल्या बारकाईची ही पावती आहे असं ते घरी जेवताना सांगायचे. लाच त्यांनी कधी घेतली नाही. घेतली असती तर निदान काही लोकांची कामं तरी झाली असती.

शहाऐंशी साली कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत हा प्लॉट मिळाला. आपल्या नावावर मालमत्ता दिसली तर उद्या कुणी चौकशी लावेल या भीतीनं त्यांनी तो बायकोच्या नावावर घेतला. चौकशी लावावी एवढं त्यांच्याकडं कुणाचं लक्ष कधी गेलं नाही. पण गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की ते फाटकातूनच सांगायचे, घर माझं नाही, सौभाग्यवतींचं आहे, त्यांना विचारा, आणि त्या झोपल्या आहेत. तीस वर्षं हे चाललं. त्या तीस वर्षांत भानुमतीबाई वर्गणीच्या वेळी कायम झोपलेल्या असायच्या.

घरासमोरून क्रांती चौक ते मुकुंदवाडी असा मोठा रस्ता जातो. फाटकाला लागून कुंपणाची भिंत, भिंतीला बाहेरून एक बुटका कट्टा, आणि कट्ट्यासमोर थांबा. बसची वाट पाहणाऱ्या बायका कट्ट्यावर टेकायच्या. दत्तोपंतांना ते सहन होत नव्हतं. त्या बायका काही घाण करत नव्हत्या की आरडाओरडा करत नव्हत्या. फक्त बसलेल्या असायच्या. निवृत्तीनंतर थांबा हलवावा म्हणून त्यांनी अकरा अर्ज केले. अकराही परत आले. काही ना काही त्रुटी होती.

मग २०१५ चा पावसाळा कोरडा गेला. नळाला चौथ्या दिवशी पाणी यायला लागलं, मुकुंदवाडीच्या मागच्या वस्त्यांत तर आठव्या दिवशी टँकर. आणि त्याच हिवाळ्यात औरंगाबादेत, तेव्हा शहराचं नाव तेच होतं, जलद बस आणायचं ठरलं. चिकलठाण्याच्या बाजूला बारा बारा मजल्यांच्या इमारती उठत होत्या. त्यांना पाणी कुठून द्यायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यात राहायला येणाऱ्यांना क्रांती चौकात वीस मिनिटांत पोचवायचं एवढं मात्र नक्की होतं. त्यासाठी मार्चच्या आत रस्ता रुंद करून मधोमध कठडे लावून फक्त बससाठी एक वाट काढायची, आणि थांबेही रस्त्याच्या मधेच, उंच फलाटासारखे, पाऊण पाऊण किलोमीटरवर.

दत्तोपंत या विषयातले जाणकार होते. २०११ मध्ये ते द्वारकेच्या सहलीला गेले असताना अहमदाबादला अशा बसमध्ये बसले होते, चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांवर त्यांनी कॉलनीच्या बैठकीत पाऊण तास भाषण केलं. बसचं दार उजवीकडं असतं, हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की जणू ते दार त्यांनीच बसवून घेतलं होतं. त्याआधी आणि त्यानंतर ते शहरातल्या बसमध्ये पाऊल न टाकता स्कूटरवरून फिरले, आणि स्कूटरवरून फिरून बसबद्दल त्यांचं मत पक्कं होत गेलं. प्रकल्पाच्या कार्यालयानं नागरिकांची समिती नेमली, तीत दत्तोपंत आले. थांब्यावरचे प्रवासी मोजायचं काम कुणी घेईना. ते त्यांनी मागून घेतलं.

मोजणीचा तक्ता छापील होता. चार रकाने : नोकरदार, विद्यार्थी, व्यापारी, इतर. शेवटी शेरा. सूचना अशी होती की पहिल्या तीन रकान्यांतले ते नियमित प्रवासी, त्यांचीच बेरीज घ्यायची. ‘इतर’ हा रकाना रस्ता विचारायला थांबलेले, सावलीला टेकलेले, फुगेवाले अशांसाठी असावा. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

दत्तोपंतांनी खोटं काही केलं नाही. खोटं करायला लागते तेवढी कल्पनाशक्तीच त्यांच्यात नव्हती. त्यांनी प्रत्येक माणसाकडं वरून पाहिलं आणि त्याला त्याच्या जागी लिहिलं. हातात घड्याळ आणि गळ्यात ओळखपत्र, तो नोकरदार. दप्तर दिसलं की विद्यार्थी. गाठोडं असेल तर व्यापारी, पण गाठोडं बऱ्यापैकी पाहिजे. आणि सकाळी साडेसातच्या बसमधून पदराला किल्ल्या बांधून उतरणाऱ्या, दुपारी परत त्याच बसला चढणाऱ्या, कॉलनीतल्या चाळीस घरांत भांडी, फरशी, पोळ्या करणाऱ्या बायका सगळ्या चौथ्या रकान्यात गेल्या. नोकरी म्हणजे हजेरीपट, नेमणूकपत्र आणि महागाई भत्ता. यातलं त्यांच्याकडं काही नव्हतं.

त्यातच एक गंमत झाली. बाल्कनीत वही घेऊन बसलेला माणूस आपल्याकडं बघून काहीतरी लिहितोय हे तिसऱ्या दिवशी बायकांच्या लक्षात आलं. दुष्काळाचे दिवस. कुणीतरी म्हणालं, टँकरची यादी व्हायलीय. झालं, मागच्या थांब्यावर चढणाऱ्या बायकाही अर्धा कोस चालून इथं यायला लागल्या. एकीनं दोन लेकरं आणून भिंतीशी उभी केली आणि वर बघून बोटांनी दाखवलं, तीन. दत्तोपंतांनी तीन लिहिले. चौदा दिवसांची बेरीज ‘इतर’मध्ये अकराशेच्या वर गेली आणि नियमित प्रवासी निघाले एकशे बारा. वहीतलं सगळं तक्त्यावर उतरवून, खाली सही करून त्यांनी अभिप्राय दिला : थांबा अनावश्यक.

नेमणूकपत्राच्या त्या भांडणात दत्तोपंतांनी शेवटी वही आणून जेवणाच्या टेबलावर आपटली. “नियमाबाहेर एक अक्षर दाखव,” ते म्हणाले आणि अंघोळीला गेले.

गोजरबाई तेव्हा मागच्या ओट्यावर भांडी घासत होती. ती देवगाव रंगारीची. नवऱ्यामागं शहरात आली, नवरा गेला, ती राहिली. त्या वर्षी ती रोज निघताना दोन कॅन पाणी घेऊन जायची, पाच पाच लिटरचे. जिंतूरकरांच्या बोअरला अजून ओल होती आणि भानुमतीबाईंनी तिला भरून घे म्हणून सांगितलं होतं. पायऱ्यांवर ओले डाग पडतात याबद्दल दत्तोपंत बोलायचे. डाग ती पुसायची. फाटकाबाहेर चार पावलांवर थांबा होता म्हणून हे जमत होतं. कंडक्टर ओळखीचा, तो कॅन ड्रायव्हरच्या मागं ठेवून द्यायचा.

थांबा जाणार हे कळल्यावर तिनं एवढंच विचारलं, “काकू, मग ती टँकरची यादी नव्हती व्हय?”

भानुमतीबाईंनी तिचा दुसरा कॅन उचलून नळाखाली धरला.

एक मार्चला खांब उपटला. त्या जागी एक खड्डा राहिला, त्यात दत्तोपंतांनी स्वतः खडी टाकली. कट्टा रिकामा झाला. पहिल्या दिवशी ते बाल्कनीतून दोनदा खाली बघून आले आणि चहा गोड झालाय म्हणाले, जो रोजच तेवढा गोड असायचा.

गोजरबाई आता आकाशवाणीच्या चौकात रस्त्याच्या मधल्या फलाटावर उतरायला लागली. तिथून मागं चालत यायचं, आणि परत जाताना दोन्ही हातांत कॅन घेऊन तेवढंच चालून, धावत्या गाड्यांमधून अर्धा रस्ता ओलांडून, फलाटाचा चढ चढायचा. तिसऱ्या दिवशी एक मोटारसायकलवाला अंगावर आला, तिच्या हातातला कॅन सुटला आणि पाणी डांबरावर गेलं. त्या उन्हाळ्यात डांबरावर पाणी सांडलेलं पाहून लोक थांबून बघत होते, असं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. पडलेल्या बाईकडं त्यांनी बघितलं नसावं. गुडघा सुजलेला होता. मग ती म्हणाली, मुकुंदवाडीतच नव्या इमारतीत काम मिळतंय, महिना भरला की जाईन.

“पाण्याचं काय करशील?” भानुमतीबाईंनी विचारलं.

“तिथं नाय पाणी. त्यांचंच त्यांना पुरत नाय.” कॅनचं झाकण आवळत ती म्हणाली, “तुमच्या घरी लई वर्षं झाली काकू. पण हात दोनच हायेत.”

भानुमतीबाईंचा स्वतःचाही त्या थांब्याशी संबंध होता, आणि तो घरात कुणाला माहीत नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. दर गुरुवारी दुपारी त्या क्रांती चौकाजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात गुडघ्यांच्या व्यायामाला जात. दत्तोपंतांच्या स्कूटरवर त्यांना बसता येत नसे. ते त्यांना न्यायचं म्हणायचेही नाहीत. सून गाडीवरून नेत असेल असं त्यांनी धरलं होतं. सून गुरुवारी दुपारी बँकेत असते हे त्यांना सुचलं नाही. भानुमतीबाई तीन दहाच्या बसनं जायच्या, छत्री घेऊन, आणि सहाला परत यायच्या.

थांबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी त्या दवाखान्यात गेल्या नाहीत. मागच्या वेळी रिक्षावाल्यानं एवढ्या जवळचं भाडं नको म्हणून रस्त्यातच उभं ठेवलं होतं, आणि मधल्या फलाटावर चढायला पायच उचलेना. त्या घरी बसल्या. टेबलावर वही होती. दत्तोपंतांनी तिला आता खाकी कव्हर घातलं होतं. भानुमतीबाईंनी ती सहज उघडली आणि डिसेंबरातला गुरुवार काढला.

तीन वाजून दहा. नोकरदार शून्य, विद्यार्थी दोन, व्यापारी शून्य, इतर एक. शेरा : वयस्क स्त्री, काळी छत्री. चढायला फार वेळ लावते. हिच्यामुळं बस खोळंबते.

पुढचा गुरुवार. तीन वाजून दहा. इतर एक. शेरा : तीच.

भानुमतीबाईंनी वही मिटली. दत्तोपंत आतल्या खोलीत झोपले होते, तोंड उघडं टाकून. त्यांच्याकडं त्यांनी थोडा वेळ पाहिलं. चाळीस वर्षं या माणसाला आपली चाल ऐकू येते, आपली छत्री दारामागच्या खुंटीला टांगलेली दिसते, आणि वरच्या मजल्यावरून तो आपल्याला ओळखत नाही. रडू वगैरे त्यांना आलं नाही. हसू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. त्यांनी दाराच्या खुंटीवरची छत्री घेतली, कपाटातून कागदांची पिशवी काढली आणि गोजरबाईचं काम संपायची वाट पाहिली. मग दोघी आकाशवाणीपर्यंत चालत गेल्या, एक जण एका गुडघ्यानं लंगडत, दुसरी दोन्हींनी.

त्या चौकातल्या प्रकल्पाच्या कार्यालयात विश्वजीत नावाचा तरुण इंजिनिअर होता, कन्नडकडचा, शेतकरी घरातला. जिंतूरकर म्हटल्यावर तो उभा राहिला. काकांनी फार मदत केली म्हणाला. भानुमतीबाईंनी त्याला विचारलं, ही जी शेजारी उभी आहे ती कुठल्या रकान्यात. त्यानं तक्ता काढला, चौदा पानं चाळली आणि त्याचे कान लाल झाले. आपली आई शेतमाल घेऊन गाडीत बसते तीही यात कुठं बसली असती ते सांगता येत नाही, असं तो पुटपुटला. पण झालं ते झालं होतं, मधली वाट बदलणार नव्हती. कडेनं धावणाऱ्या साध्या बसही सुरू व्हायच्या होत्या, त्यांना तिथं थांबता आलं असतं, मात्र वाटेसाठी रस्ता रुंद केल्यावर कट्ट्याबाहेर वीतभर जागा उरली होती. सहा फूट आत मिळाले असते तर छपरासकट थांबा झाला असता.

“पण ते मालकानं स्वखुशीनं लिहून द्यावं लागतं, काकू,” तो म्हणाला. “आणि काका देतील असं वाटत नाही.”

भानुमतीबाईंनी पिशवीतून मालमत्तेचा कागद काढून त्याच्यापुढं सरकवला. त्यावर नाव वाचून त्यानं खुर्ची मागवली, दोन.

त्यानंतरचे दहा दिवस घरात शांततेत गेले. दत्तोपंतांना वाटलं, बायको वठणीवर आली. त्यांनी नीरजाला तसं सूचकपणे सांगितलंही. बायकांना वेळ द्यावा लागतो, म्हणाले. नीरजानं मोबाइलमधून मान वर केली नाही. तिनं आदल्याच दिवशी बँकेत सासूबाईंना कागदांच्या झेरॉक्स काढून दिल्या होत्या.

रविवारी सकाळी सगळे घरी होते. पोहे झाले होते. गोजरबाई ओट्यावर होती. तिचा महिना बुधवारी भरणार होता. भानुमतीबाईंनी पदराला हात पुसले आणि एक कागद दत्तोपंतांच्या बशीशेजारी ठेवला. पोच होती, शिक्क्यासकट, आणि मागं अर्जाची प्रत.

दत्तोपंतांनी चष्मा खाली ओढला. पहिल्या चार ओळी वाचून ते हिमांशूकडं बघायला लागले. हिमांशूनं कागद तिरका करून वाचला आणि आपली कार मग कुठं लावायची एवढंच विचारलं. मग दत्तोपंत परत पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, ओळींखालून बोट फिरवत, जसे ते चौतीस वर्षं वाचत आले होते. सहा फूट बाय तीस फूट. चतुःसीमा बरोबर. नकाशा जोडलेला. मालमत्तेची प्रत साक्षांकित. साक्षीदार दोन, पैकी एकीचा अंगठा. सही मराठीत, पूर्ण नाव, तारीख. बोट मागं गेलं, परत पुढं आलं. त्यांनी पान उलटून कोरी बाजूही पाहिली. पोहे गार झाले.

बोट एका जागी थांबलं. अर्जदाराचा व्यवसाय, असं छापलेलं होतं, आणि पुढं बायकोच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : इतर.

“ही काय थट्टा आहे?” ते म्हणाले.

“त्रुटी असेल तर सांगा,” भानुमतीबाई म्हणाल्या.

दत्तोपंत कागद घडी करून ठेवायला गेले, तर तो भानुमतीबाईंनी त्यांच्या हातातून घेतला आणि फडताळात, मिठाच्या बरणीमागं ठेवला. शेजारी लोक काय म्हणतील, कुंपणाला धरून लावलेल्या जास्वंदीचं काय, स्कूटरच्या शेडचं काय, असं दत्तोपंत एकामागून एक विचारत राहिले. त्यातल्या एकाही प्रश्नात घर माझं आहे हे वाक्य त्यांना घालता येईना. तीस वर्षं उलट सांगितलेलं होतं.

भानुमतीबाईंनी गोजरबाईला आत बोलावलं, दारात उभं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “कुंपण सहा फूट आत येतंय. थांबा आपल्या जागेत होणार, कट्ट्यासकट. गोजरबाई कुठं जात नाही. पुंजाराम गवंडी उद्या सकाळी सातला येणार आहे, तुमची स्कूटर आज शेडमधून काढून ठेवा.”